बारा किलो

"संपलं मिनिट! आता चाल!" मैदानाच्या कडेच्या बाकावरून टिल्ल्या ओरडला.

ताई जागच्या जागी थांबली. दोन्ही हात कमरेवर, तोंड उघडं, आणि भावाला कच्चा खाईन अशी नजर. "हे मिनिट? तुझ्या दुकानातल्या बंद घड्याळाचं का रे? निदान तीन झाली असतील."

"साठ सेकंद. मोजलेत. आणि बोलू नकोस, दम लागतो."

"दम मला लागलाय. तू बस आरामात!"

टिल्ल्या घड्याळं दुरुस्त करायचा. ताईहून सहा वर्षांनी लहान. दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेल्यापासून आठवड्याचे तीन दिवस डायलिसिसच्या खुर्चीत जायचे, उरलेले दुकानात. ताई आपलं एक मूत्रपिंड द्यायला निघाली, तेव्हा रक्त जुळलं, बाकीचं सगळं जुळलं. आडवं आलं ते तिचं वजन. चौऱ्याऐंशी किलो. "बहात्तरवर या, मग ऑपरेशनचं बोलू," डॉक्टर म्हणाले, जणू काही जिना उतरून खालच्या मजल्यावर यायचं होतं.

गणवेशाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं एका जागी बसून कॉलर जोडणारी बाई ती. धावण्याशी तिचा संबंध बस सुटताना येई तेवढाच. आता एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा. पहिल्या आठवड्यात गुडघे बोलू लागले, दुसऱ्यात कारखान्यातल्या बायका. एकीनं सकाळचं जेवण सोडायला सांगितलं, दुसरीनं रात्रीचं. तिसरीनं गरम पाणी प्यायला लावलं, त्यानं फक्त मशीनवरून उठण्याच्या फेऱ्या वाढल्या. नवरा म्हणाला, "घरातली कामं जरा जोरात कर, आपोआप उतरेल." तिनं हातातला झाडू त्याच्या हातात दिला. "मग तुमचंही उतरू दे की थोडं."

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कामाआधी दवाखान्यात वजन व्हायचं. सिस्टर आकडा वाचायची आणि फाईलमध्ये लिहायची. पहिल्या महिन्यात चार किलो गेले. पुढच्या दोन महिन्यांत मिळून चार. मग काटा शहात्तरवर जो बसला, तो हलायचं नाव घेईना. धावणं मात्र सुधारत होतं. मिनिटाची पाच झाली, पाचाची पंधरा. सहाव्या महिन्यात ती न थांबता अर्धा तास धावली आणि सोमवारी काट्यावर तेच शहात्तर.

"तुमचं मशीन बिघडलंय," ती सिस्टरला म्हणाली.

"सकाळपासून वीस जणांचं वजन केलं, ताई."

"वीसही जणांचं चुकलं असेल!"

त्या आठवड्यात टिल्ल्या बाकापर्यंत येता येता दोनदा थांबला. घोटे सुजलेले, चेहरा राखेसारखा. बसल्यावर म्हणाला, "ताई, पुरे झालं आता. लोक बघतात. तू अशी धापा टाकतेस आणि मी इथं बसून मोजतो. लाज वाटते मला. नकोच मला तुझं काही."

"तुला विचारलंय कुणी?" ताई तडकली. "लहानपणी माझ्या ताटातलं न विचारता उचलायचास, तेव्हा कुठं होती ही लाज? घड्याळ लाव."

त्यानं मुकाट्यानं घड्याळ लावलं. ती धावायला लागली. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, जिथून तो दिसत नव्हता, तिथं पोचल्यावर तिनं बाहीनं डोळे पुसले, पण पाय थांबू दिले नाहीत.

आठव्या महिन्यात काटा त्र्याहत्तरवर आला. पुढच्या वजनाला अजून अकरा दिवस होते, तेव्हा भर दुपारी कारखान्यात टिल्ल्याच्या बायकोचा फोन आला. अपघातात गेलेल्या कुणा अनोळखी माणसाच्या घरच्यांनी त्याचे अवयव दिले होते. मूत्रपिंडासाठी थांबलेल्यांच्या यादीत टिल्ल्याचा नंबर लागला होता. त्याला आत नेत होते.

ऑपरेशन चांगलं झालं. चौथ्या दिवशी तिनं काचेपलीकडून त्याला पाहिलं. तो फोनवर म्हणाला, "ताई, तुझं तुझ्याकडेच राहिलं बघ."

"आठ महिने पळवलंस, मेल्या!" ती म्हणाली आणि काचेला हात टेकून रडली.

आनंद तर होताच. पण त्याच्याखाली एक चिडचिड होती, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती. भाऊ वाचला म्हणून बहीण वैतागली, हे कोण ऐकून घेणार? तिची तिलाच लाज वाटत होती.

सोमवारी ती दवाखान्यात गेली.

"अहो ताई, तुमची फाईल बंद झाली," सिस्टर म्हणाली. "कुणी कळवलं नाही?"

"कळवलं."

"मग?"

"आज पहिला सोमवार आहे."

सिस्टरनं तिच्याकडे नीट पाहिलं आणि काट्याकडे हात केला. ताई चपला काढून उभी राहिली.

"एकाहत्तर किलो आठशे."

"लिहा."

"अहो, आता कुठं लिहू?"

"दर वेळी लिहिता तिथंच."

सिस्टरनं कपाटातून फाईल शोधून काढली. शेवटच्या पानावर आडवा शिक्का बसला होता. त्याच्याखाली थोडी जागा होती. तिनं तारीख लिहिली, आकडा लिहिला. "शेऱ्यात?"

"वजन उतरलं की जे लिहिता, ते."

सिस्टरनं लिहिलं: पात्र.

ताईनं वाकून ते वाचलं. मग चपला घातल्या आणि निघाली. कारखान्यात पोचायला तिला आधीच उशीर झाला होता.