कपाटातला बाप

“अगं, पाय आखडलाय माझा. मुंग्या आल्यात नुसत्या,” कपाटातून कुजबुज आली.

“गप्प बसा हो! जिन्यावर वाजलं काहीतरी,” ती दातओठ खात म्हणाली.

नवरा सुतार. कारखाना बंद पडल्यापासून घरीच. कायदा असा, की बाप घर सोडून गेला तर पोरांना सरकारी मदत मिळणार. घरात धडधाकट पुरुष दिसला की बंद. बाप घरातच आहे पण हाताला काम नाही, अशा घराचं काय, हे कायदा करणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नसावं. धाकट्या लेकीचं रोजचं इंजेक्शन मदतीवर चालायचं. म्हणून अर्जात नवरा निघून गेला होता. प्रत्यक्षात तो तपासणीपुरता कपाटात जायचा.

“माझ्या वेळी पळालेल्या नवऱ्याला कायदा मानगूट धरून आणायचा,” सासू पुटपुटली. “आता घरी बसलेल्याला हाकलतो. प्रगती म्हणायची!”

तपासनीस बाई आत आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. दार दोनदा उघडून मिटून पाहिलं.

“मागच्या खेपेला केवढं घासत होतं हे. कोणी नीट केलं?”

परवाच नवऱ्याने रंधा मारला होता. भूक सोसेल, पण वाकडं दार सोसणार नाही, असला माणूस!

“शेजाऱ्यांनी,” ती म्हणाली.

“मी,” त्याच क्षणी सासू म्हणाली.

बाईंनी सासूच्या थरथरत्या हातांकडे पाहिलं. मग धाकटीकडे. धाकटी शिकवल्याप्रमाणे जमिनीकडे बघत होती, कपाटाकडे चुकूनसुद्धा नाही. बाई कपाटापाशी गेल्या, मुठीवर हात ठेवला.

“नियमाप्रमाणे हे मी उघडायला हवं,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “पुढच्या खेपेला साहेब बरोबर येणारेत. ते उघडतात.”

हात काढून घेतला आणि निघून गेल्या.

नवरा लंगडत बाहेर आला. “वाचलो बाबा! पुढच्या वेळी माळ्यावर चढेन.”

“माळा आधी बघतील,” ती म्हणाली.

“मग पलंगाखाली.”

“तिथे तुमचे गुडघे मावतात का?”

“कपाटाला मागून चोरफळी बसवतो. कोणाच्या बापाला कळणार नाही!” तो हसला. तीही हसली, रडू येऊ नये म्हणून. मग शेजारच्यांची गच्ची निघाली, कोळशाची खोली निघाली. ती घाईघाईने एकेक जागा सुचवत राहिली. बोलणं थांबलं तर काय उरेल, ते तिला ठाऊक होतं. त्यालाही.

सासूने धाकटीला मांडीवर ओढलं. तिच्या दंडावरच्या सुयांच्या डागांवरून अंगठा फिरवला. मग लेकाकडे न बघताच म्हणाली,

“आता लपू नकोस, राजा. खरंच जा.”