बिनपावतीच्या गोळ्या

पाथर्डीच्या अंगाला हसनवाडी नावाचं निजामाचं एक गाव होतं. चारी बाजूंनी हिंदुस्थानचा नगर जिल्हा आणि मधे हे, साठ उंबऱ्यांचं. तरी ऐट बघा, वेशीवर करोडगिरीचं नाकं, म्हणजे निजामाची जकात, आणि तिथं फक्रुद्दीन जमादार. एक आडवा बांबू, एक खाट, एक पावतीपुस्तक. वीस पावलांवर हिंदुस्थानचं नाकं, त्यावर छगन शिपाई. अकरा वर्षं दोघं एकाच चुलीचा चहा पीत आले होते.

अठ्ठेचाळीस साली हिंदुस्थाननं नाकेबंदी केली. मीठ बंद, रॉकेल बंद, औषध बंद. जमादाराचा हिशेब साधा होता. शेजारी एवढा दांडगा, त्याच्याशी लढून कोण पुरणार? त्याला फक्त निमित्त द्यायचं नाही. सलाम करायचा, चहा पाजायचा, पण बिनपावतीची काडी आत घ्यायची नाही. मग कोणत्या तोंडानं येतील ते? भाबडा होता बिचारा. दांडग्याला निमित्त लागतं, असं त्याला कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

भाद्रपदात त्याच्या बायकोला, हाजराबीला, हिवताप भरला. सातव्या दिवशी तिला उठून बसवेना. त्या शनिवारी सकाळी छगन बांबूखालून वाकून आला आणि टोपीतून क्विनाईनच्या गोळ्यांची पुडी काढली.

"भाभीला द्या, जमादार. काल दुपारीच पाथर्डी सोडली, पन वढ्याला पूर. आत्ता पोहून आलो."

"तुमच्या सरकारची चिठ्ठी हाय?"

"बंदीत कसली चिठ्ठी? लपवून आनल्यात."

"मग चोरीचा माल झाला, छगनराव. निजामाचा जमादार चोरटा माल घेतो, एवढं निमित्त पुरं हाय तुमच्या लोकास्नी. मला न्हाई घ्यायचा."

आतून हाजराबी म्हणाली, "एवढ्याशा गोळ्यांनी बुडनारं राज हाय का ते?"

जमादारानं पुडी छगनच्या मुठीत परत कोंबली. बायकोवर जीव होता हो त्याचा, नव्हता असं नाही. छगन शिव्या घालत माघारी गेला.

रविवारी दुपारी हाजराबी गेली. गावातल्या चार माणसांनी माती दिली. सोमवारी सकाळी जमादार पुन्हा बांबूपाशी येऊन उभा राहिला. दुसरं करणार काय?

ओढा उतरला तसा पाथर्डीहून छगनच्या बदलीचा शिपाई आला. त्यानं काहीतरी सांगितलं. मग छगन सावकाश जमादाराकडे आला.

"जमादार, बांबू उचला आता. निजाम शरन आला. फौजा सोलापूरकडनं शिरल्या. आपल्याकडं कुनी बघितलंबी न्हाई."

"कधी?"

"शुक्रवारी, सांजच्याला."

जमादारानं बोटांवर वार मोजले.

"म्हंजी शनवारी हितं हद्दच नव्हती?"

छगननं मान खाली घातली. जमादारानं तेच पुन्हा विचारलं.