पहिलं बाळंतपण माहेरी

नागरिकत्व वाटणाऱ्या साहेबांनो, एक बाई माहेरी गेली म्हणून तुम्ही तिच्या नातीला शिक्षा दिलीत. तुमचं नाव घेत नाही. तुमच्या दाराला पाटी असते, आत माणूस सापडत नाही.

बाईचं नाव जुलेखा. दुबईतल्या अल कुसैसच्या फ्लॅटमध्ये ती सकाळपासून बॅगा भरत होती. तिचा मुलगा हारुन जबल अलीच्या गोदामात सुपरवायझर होता. कंपनी बंद पडली, इथला व्हिसा संपत आला. हारुन ब्रिटिश, तेव्हा बहीण शहनाझने त्याला मँचेस्टरला काम बघितलं. सून तहसीन आणि सहा वर्षांची नात यम्ना भारतीय. त्या जुलेखाबरोबर रत्नागिरीला निघाल्या होत्या.

"शहनाझची पोरंपण दुबईतच जन्मली ना? ती ब्रिटिश, मग माझी यम्ना का नाही?" हारुनने पुन्हा विचारलं.

"किती वेळा तेच?" तहसीन कंटाळून म्हणाली. "शहनाझ विलायतेत जन्मली, तुम्ही रत्नागिरीत. तुम्ही बाहेर जन्मलात, मुलगीपण बाहेर, मग चालत नाही. तिकडे तीन वर्षं सलग राहिला असतात तर गोष्ट वेगळी. वकील बोलला ना, खलास!"

जुलेखाचा हात थांबला. नवरा खैरुद्दीन लग्नाआधीच तिकडचा नागरिक झालेला. पण हारुनच्या वेळी ती पहिलटकरीण, आईने गावी बोलावून घेतलं. कोण नाही जात? शहनाझच्या वेळी आई उरली नव्हती, म्हणून ती विलायतेतच झाली. मग खैरुद्दीनला दुबईची नोकरी लागली. हारुनची तीन वर्षं भरली नाहीत, जुलेखाचा पासपोर्टही भारतीयच राहिला. पुढे कधी विलायतेला गेले की विमानतळावर नवरा आणि मुलं एका रांगेत, ही दुसऱ्या. खैरुद्दीन पलीकडे तिची पर्स काखेत मारून वाट बघत उभा राहायचा. लोक हसायचे. तो वारल्यावर पलीकडे तिच्यासाठी कोण थांबणार होतं?

"आईचं ऐकलं, तेच चुकलं माझं."

"अम्मी, चूक माझी. तू परत जाईपर्यंत पोटातच थांबायचं होतं मी."

"मेल्या, आधीच आठवडाभर उशिरा आलास!"

हसली, आणि पदराने नाक पुसलं.

"व्हाय कान्ट आय कम विथ यू, डॅडी?" यम्नाने विचारलं.

"तिकडचं सरकार मागतं तेवढा पगार होऊ दे, बेटा. मग तुला आणि मम्मीला बोलावतो. इन्शाल्ला."

विमानतळावर हारुनने आपली मँचेस्टरची बॅग काट्यावर ठेवली, तशी यम्ना तिच्यावर चढून बसली. काउंटरवरची मुलगी दमलेली होती.

"बच्ची को उतारिए, प्लीज."

हारुन बोर्डाकडे बघत राहिला. तहसीन हलली नाही. शेवटी जुलेखाने आपली पर्स हारुनच्या हातात दिली आणि नातीला खाली उतरवलं. पट्टा सरकला, बॅग एकटी आत गेली. हारुन तसाच उभा होता, अम्मीची पर्स काखेत मारून.

साहेबांनो, बाई आईकडे गेली होती, चोरी करायला नव्हे. यम्नाने काय केलं? उत्तर द्या. आणि सहा वर्षांच्या पोरीला कळेल अशा शब्दांत द्या.