बोटं माझ्या दाराकडे

"हात वाकला! आणखी वाकला!"

आमच्या बैठकीत दाटीवाटीने बसलेली तीसेक माणसं एकदम पुढे सरकली. सगळ्यांचे डोळे खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीकडे, आणि टाकीतल्या दगडी प्रवाळाच्या पाच फांद्या माझ्या खोलीच्या दाराकडे.

बाबा डोळे मिटून म्हणाले, "फांद्या कसल्या, बोटं आहेत ती! गेलेला भाऊ बहिणीला विनवतोय, जाऊ नकोस!"

टाकी माझ्या दादाची. तो गेल्याला दीड वर्ष झालं होतं. त्याच्यामागे तिची निगा मीच राखत होते. मीठ मोजून पाणी बदलायचं, चुन्याची निवळी थेंबथेंब सोडायची, काच घासायची. त्यातच मला दूरच्या शहरात प्रयोगशाळेत नोकरी लागली; रुजू व्हायला काही महिने होते. आई घाबरली. कोणीतरी तिला या बाबांकडे नेलं आणि बाबा चक्क आमच्याच घरी मुक्कामाला आले, दादाच्या खोलीत, दादाच्या पलंगावर.

आल्या दिवशीच त्यांनी टाकीवरचा दिवा सरकवून माझ्या दाराकडच्या टोकाला नेला. "बसणाऱ्यांच्या डोळ्यांवर येतो," म्हणाले. वर बजावलं, "आता याला कोणी हात लावायचा नाही." काही महिन्यांत फांद्या माझ्या दाराकडे झुकल्या. मी बॅग भरायला काढली त्याच आठवड्यात त्यांची टोकं पांढरी दिसू लागली. "रागावला!" बाबा ओरडले. "ही गेली तर सबंध हात पांढरा पडेल!" आईने मला स्वतःची शपथ घातली. मी रुजू व्हायची मुदत सहा महिने वाढवून घेतली. त्यानंतर ती जागा दुसऱ्या कोणाला देणार होते.

घरात जीव गुदमरायचा. कोपऱ्यावर भाजी आणायला निघाले तरी शेजारच्या काकू विचारायच्या, "दादाला सांगितलंस का गं?" खरी गोम मला उशिरा कळली. टाकीची निगा राखण्यातलं बाबांना ओ की ठो कळत नव्हतं. मी गेले असते तर महिन्याभरात प्रवाळ मेलं असतं आणि त्याच्याबरोबर यांचा चमत्कारही. मला दादाने धरून ठेवलं नव्हतं. या गृहस्थाला बिनपगारी नोकर हवा होता.

एकदा काच घासताना एका फांदीचं टोक मोडलं. मोडलेली कांडी दगडावर चिकटवली की पुन्हा वाढते, हे दादानेच शिकवलं होतं. मी ती माझ्या खोलीत छोट्या टाकीत लावली आणि दिवा मुद्दाम पलीकडच्या भिंतीकडे ठेवला. मग दार लावून वाट पाहत बसले. हे प्रवाळ महिन्याला जेमतेम नखाएवढं वाढतं. माझी मुदत मात्र भराभर सरत होती.

मुदतीचे आठ दिवस उरले तेव्हा मी भरल्या बैठकीत खोलीचं दार सताड उघडलं. "दादाने इथेही हात केलाय. या, बघून घ्या."

मंडळी दारात लोटली. कांडीला फुटलेल्या नव्या फांद्या पलीकडच्या भिंतीकडे वाकल्या होत्या.

"तिकडे काय आहे गं?" काकूंनी विचारलं.

"संडास."

कोणीतरी फिसकन हसलं. मी म्हटलं, "बाबा, दादा आता तिकडे बोलावतोय. जायचं का सगळ्यांनी?"

"चावट पोरी!" बाबा उसळले. "दिवा त्या बाजूला लावलास, मग फांद्या तिकडेच वाढणार ना!"

एकेक मान मोठ्या टाकीकडे वळली, मग तिच्या कडेला सरकवलेल्या दिव्याकडे.

"डोळ्यांवर येतो म्हणाला होतात," आई म्हणाली.

बाबांनी दादाच्या खोलीत जाऊन पिशवी भरली.

सगळे गेल्यावर आईने विचारलं, "आणि ती पांढरी टोकं?"

"नवी वाढ, आई. कोवळं टोक पांढरंच असतं, रंग मागाहून चढतो."

"म्हणजे तू निघालीस तेव्हा ते चांगलं वाढत होतं." तिने टाकीच्या काचेवर हात टेकवला. "मला वाटायचं, निदान हात तरी दिसतोय त्याचा." मग ती रडली, आणि मीही. दादा गेल्यापासून आम्ही दोघी एकत्र रडलोच नव्हतो.

डोळे पुसून तिने दिवा मधोमध सरकवला आणि वही घेऊन बसली. "मीठ किती घालायचं ते सांग. तू गेल्यावर मलाच बघायचंय."

तुमच्याही घरात असं काही वाकलेलं दिसलं, तर हात जोडण्याआधी दिवा कुठे आहे ते बघा. आणि दिव्याला हात लावू नका असं कोणी बजावलं, तर आधी तोच हलवून पाहा.