ताईची चिमणी

"हातात घेऊन बघा, कुठला बरा वाटतो ते," असं म्हणून सिस्टरनं इन्शुलिनचे तीन पंप टेबलावर मांडले.

ताईनं डावीकडून सुरुवात केली. पहिला साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत होता. वर, खाली, कडेला, कुठंच बोटाला काही लागेना. दुसराही तसाच, फक्त जरा लांबट. तिसऱ्याला बटणं होती. तिला एकदम हायसं वाटलं. तिनं वरचं बटण दाबून पाहिलं, पण काहीच वाजलं नाही.

"याचा आवाज कुठाय?"

"हा वाजत नाही बाई. मेनू उघडतो. वाचायचं आणि पुढे जायचं."

ताईनं तो खाली ठेवला.

शेजारच्या खुर्चीत तिचा धाकटा भाऊ बसला होता. घरात त्याला अजून बाळ म्हणत. पन्नाशी उलटली, डोक्यावरचे केस गेले, टाइल्सचं दुकान चांगलं चालायला लागलं, पण लहानपणी चिकटलेलं नाव काही सुटलं नाही. आई कामावर जायची, तेव्हा त्याला चिऊचा घास, काऊचा घास करत ताईनंच भरवलं होतं. हा तोंड घट्ट मिटून बसायचा आणि ती चिवचिवाट करून करून दमायची.

"हा पहिलाच घे," बाळ म्हणाला. "काय स्क्रीन आहे बघ. साखर खाली यायला लागली की आपला आपण इन्शुलिन थांबवतो. तुला काही करायला नको. जेवायच्या आधी तेवढा आकडा दाबला की झालं."

तेवढा आकडा दाबला की झालं. घोडं नेमकं तिथंच अडत होतं.

तेराव्या वर्षी ताईच्या शरीरानं इन्शुलिन तयार करणं सोडून दिलं. आधी अनेक वर्षं सुया झाल्या, मग पंप आला. कमरेला एक लहानशी डबी आणि तिच्यातून पोटात गेलेली बारीक नळी. ती डबी चिवचिवायची. एकदा दाबलं की एक चिव, एक युनिट. चार हवे असले की चार चिव. मग द्यायच्या आधी डबी स्वतःच पुन्हा चार वेळा चिवचिवून विचारायची, एवढेच ना? बाळनं तिचं नाव ताईची चिमणी ठेवलं होतं. ताईचं लग्न झालं नाही तेव्हा आई म्हणायची, "तिला काय, तिनं एक चिमणी पाळलीय." मधे दोनदा डबी बदलली, पण जात तीच राहिली.

गेल्या दोन वर्षांत ताईचे डोळे गेले. अगदी मिट्ट अंधार नव्हे. कडेचं दिसे, समोरचं पुसलेलं असे. माणसाचे कान दिसत, चेहरा दिसत नसे. डोळ्यांच्या डॉक्टरनी लेसर केलं, आणि एवढंच राहिलं तरी नशीब समजा, असं सांगितलं. ताईनं ते समजून घेतलं आणि कुणाला कळू दिलं नाही. कळलं असतं तर बाळनं दुसऱ्या दिवशी तिचं सामान उचललं असतं. साधा ताप आला तरी तो म्हणायचा, "चल घरी." आणि ताईला तर आपल्या दोन खोल्या हव्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या, स्वतःच्या पगारातून घेतलेल्या, जिथं चमचासुद्धा तिच्या परवानगीशिवाय हलत नव्हता. रात्री दाराला आतून कडी घातली की तिला मनापासून बरं वाटायचं. असं बरं वाटणं लोकांना चमत्कारिक वाटतं, म्हणून ती ते बोलत नसे.

सगळं निभतही होतं. कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजवर तिची नोकरी होती. तिथली बटणं बोटांना पाठ होती आणि लोकांना तिचा फक्त आवाज ठाऊक होता. मागच्या महिन्यात बाळनं मोबाइल पुढे करून नातवाचा फोटो दाखवला, तेव्हा तिनं जरा वेळ मान कलती ठेवली आणि "अगदी तुझ्यावर गेलाय, कपाळ तेच," असं म्हणून वेळ मारून नेली. या कटात चिमणीची तिला साथ होती.

मग चिमणीची मोटर बंद पडली. कंपनीनं ते मॉडेल कधीच बंद केलं होतं. इन्शुलिनचं सुईवालं पेन वापरायची पाळी आली. पेन टकटक करतं, ते मोजता येतं, पण पंप थेंबाथेंबानं देत होता ते पेननं एकदम घ्यावं लागे, आणि ताईला ते झेपेना. मागच्या आठवड्यात एका सकाळी साखर एवढी खाली गेली की ती पलंग आणि कपाटाच्या मधे पडून राहिली. तिनं दार कसंबसं उघडलं, शेजारच्या काकूंनी साखरपाणी पाजलं. "कुणाला सांगू नका," ताई म्हणाली. काकू बरं म्हणाल्या.

"यात नुसतं पाणी आहे," सिस्टरनं पहिला पंप ताईच्या हातात दिला. "चार युनिट लावून दाखवा."

मघाशी बाळ माहितीपत्रक वाचत होता, तेव्हा उजवा कोपरा, मग मधे, मग खाली, असं ताईनं कान देऊन पाठ करून ठेवलं होतं. तिनं काचेवर बोट टेकवलं. काच थंड होती आणि कुठंही सारखीच होती. उजवा कोपरा. मधे. खाली.

"बाई, चाळीस झाले."

खऱ्या इन्शुलिनचे चाळीस म्हणजे काय, हे त्या खोलीत तिघांनाही माहीत होतं.

"माझा हातच सैल आहे," ताई म्हणाली. "देताना मागेपुढे बघत नाही."

सिस्टर हसली नाही. "बाई, दिसतं किती?"

"दिसतं की. चष्मा घरी राहिला."

"ताई," बाळ म्हणाला, "तो फोटो टाइलचा होता."

"कुठला फोटो?"

"नातवाचा म्हणून दाखवला तो. चुकून दुसराच उघडला होता. गिऱ्हाइकानं पाठवलेली, तडा गेलेली टाइल. तू म्हणालीस, अगदी तुझ्यावर गेलाय."

ताईला हसू फुटलं आणि निम्म्यावरच विरलं. "मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. काकूंनी तू पडल्याचं कळवलं, तेव्हाही थांबलो. आज या स्क्रीनच्याच मागे लागलो ते त्यासाठीच. म्हटलं, वाचता येत नाही एवढं तरी तुझ्या तोंडून निघेल."

ताईला राग आला. एवढा राग तिला त्या डोळ्यांच्या डॉक्टरचाही आला नव्हता. दोन वर्षं आपण आंधळेपण लपवतोय, आणि हा महिनाभर बसून ते बघतोय. राग ओसरायला वेळ लागला. तोवर सिस्टर टेबलावरचे पंप उगाच सरळ करत राहिली.

"बटणांचा घेतला तर? मेनू पाठ करीन मी."

"एक पायरी चुकली तर कळणार कसं?" सिस्टर म्हणाली. "तो बोलत नाही. आणि पेनवर तर राहूच नका. पुढच्या वेळी काकू घरी नसतील."

"म्हणजे पहिला."

"पहिला सगळ्यात चांगला. फक्त आकडा दाबायला घरात कुणीतरी डोळस हवं."

ताईनं तो पंप पुन्हा हातात घेतला. अंगठा काचेवरून फिरवला. मग म्हणाली, "बाळ, तुझ्याकडच्या त्या मागच्या खोलीला आतून कडी आहे का?"

"नाही. पण लावून घेतो. आजच माणूस बोलावतो."

"नको लावू," ताई म्हणाली. "पडले तर दार तोडावं लागेल तुला."

महिनाअखेर तिनं खोल्या रिकाम्या केल्या. किल्ली बाळच्या हातात देताना तिनं ती एकदा बोटांनी चाचपून पाहिली, एवढंच. नोकरी तिनं सोडली नाही, तिथली बटणं अजून जागच्या जागी होती. सकाळी बाळ तिला गाडीवरून सोडायचा, दुपारी जेवायला घरी आणायचा, आणि ती एक्स्चेंजचा जिना कठड्याला हात न लावता चढायची.

बाळच्या घरी पहिल्या दिवशी ताट वाढून झालं. ताईनं कुर्त्याची कड वर केली. "चार," ती म्हणाली.

बाळनं चष्मा नाकावर ओढून काचेवर बोट टेकवलं. काहीच ऐकू आलं नाही.

"झालं?"

"झालं."

"चारच ना?"

"चारच गं."

विश्वास नव्हता असं नाही. पण इतक्या वर्षांत स्वतःच्या हातानं घेतलेल्या औषधाखेरीज तिच्या अंगात काही गेलं नव्हतं, आणि आता गेलं की नाही हेसुद्धा दुसऱ्याला विचारायचं होतं. तिचा हात ताटाकडे जाईना. बाळ तिच्याकडे बघत बसला. भावजय म्हणाली, "ताई, निवतंय." ताई कशीबशी जेवली.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळी तिनं पुन्हा कड वर केली आणि चार म्हटलं. बाळनं काचेवर बोट टेकवलं. घसा खाकरला.

"चिव," तो म्हणाला.

भावजयीचा वाढता हात थांबला.

"चिव. चिव. चिव." त्याचा आवाज दुकानात गिऱ्हाइकांशी बोलून घोगरा झाला होता आणि चिमणीला अजिबात शोभणारा नव्हता. थोडं थांबून, डबी थांबायची तेवढंच, त्यानं ते चारही पुन्हा पहिल्यापासून म्हटले.

ताईनं मोजले. मग कुर्त्याची कड खाली ओढून नीट केली आणि घास उचलला.