लेबल लपवणारा पेंग्विन

मी एक जुना पेंग्विन आहे. दचकू नका मित्रांनो, मला चालता येत नाही आणि मासे तर मी कधी चाखलेही नाहीत. मी चिनी मातीचा आहे, आतून पोकळ. डोक्यातून वाइन भरायची आणि चोचीतून पेल्यात ओतायची, एवढंच माझं काम. माझ्या पोटातलं तुमच्या कामाचं नाही, तुम्ही अजून लहान आहात. पण माझ्यावर जे गुदरलं ते तुम्हाला ठाऊक असावं, असं मला वाटतं.

ब्युनोस आयर्सच्या वेशीवरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. साच्यात माती ओतली, मला भट्टीत भाजलं, वर पांढरी झिलई चढवली. मग एका बाईने माझे डोळे रंगवले. तिचा हात हलला आणि उजवा डोळा जरा वरच गेला. ती म्हणाली, "राहू दे. आगाऊ दिसतोय, पण गोड दिसतोय." तेव्हापासून मी असाच, थोडासा आगाऊ.

बाराकास भागातल्या एका खानावळीत मला नेलं. काय दिवस होते ते! तेव्हा वाइन मोठमोठ्या बुधल्यांतून यायची. ती कुठली, कोणाची, कोणी विचारत नसे. गोदीतले हमाल दुपारी आत शिरायचे आणि "एक पेंग्विन द्या!" असं ओरडायचे. माझ्यासोबत पाव यायचा, बर्फ यायचा, सोड्याची बाटली यायची. लाल वाइनमध्ये बर्फ घालणाऱ्यांना काही शहाणे नावं ठेवतात. ठेवू देत बापडे. मी या टेबलावरून त्या टेबलावर फिरायचो आणि पोरंसोरं माझ्या चोचीला हात लावून हसायची.

मग सोनेरी लेबलांच्या बाटल्या आल्या. आपली बाटली शेजारच्या टेबलाला दिसावी, असं लोकांना वाटू लागलं. माझ्या पोटात लेबल दिसत नाही, म्हणून मी मागे पडलो. आधी माझ्यात लाकडी चमचे खोचले, मग प्लास्टिकची फुलं. पोट रिकामं असलेलं सोसतं हो, पण प्लास्टिकची फुलं! फ्रिजवर धूळ खात मी किती वर्षं उभा होतो, देव जाणे. फार एकटं वाटायचं.

मला खाली उतरवलं ते ओतिलियाने. ती शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली, एकटी राहणारी बाई. दर गुरुवारी दुपारी ती दोन मित्रांबरोबर जेवायला यायची. एक रामीरो, टॅक्सी चालवणारा आणि अखंड बडबडणारा. दुसरा आन्सेल्मो, कुलपं दुरुस्त करणारा. त्याच्या तोंडालाच कुलूप. एका गुरुवारी रामीरोने कोणीतरी भेट दिलेली भारी बाटली आणली आणि दोघं मित्र माना डोलावत पिऊ लागले. ओतिलियाने तोंड वाकडं केलं.

"तुम्ही वाइन पीत नाही, कागद पिता," ती म्हणाली. "नोर्मा, तो वरचा आगाऊ पेंग्विन काढ बघू."

नोर्मा म्हणजे आमच्या खानावळीची मालकीण. तिने फुलं फेकली आणि मला धुतलं. त्या दिवशी नियम ठरला. दर खेपेला एकाने बाटली आणायची, पण ती मिलानेसाच्या, म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेल्या मांसाच्या, एका ताटापेक्षा महाग नको. स्वयंपाकघरात नोर्मा ती माझ्यात ओतणार आणि बाटली आतच ठेवणार. प्रत्येकाने मनापासून मत द्यायचं, मगच बाटली बाहेर.

काय काय सापडलं त्यांना! कोपऱ्यावरच्या वाण्याच्या अगदी खालच्या फळीवरची, बोनार्दा द्राक्षांची एक वाइन रामीरोने शोधली. ती इतकी आवडली की तो टॅक्सीत बसणाऱ्या परक्या माणसांनाही तिचं नाव सांगायचा. आन्सेल्मोचं मत मात्र कायम एकच असे, "घशाखाली जाते." आणि ओतिलिया घोट घेऊन डोळे मिटायची, म्हणायची, "ही डोंगराकडची. दिवसा भाजली, रात्री गारठली." बहुतेक वेळा बरोबर निघायचं. चुकलं, तर ती बाटलीशी भांडायची.

मग एका हिवाळ्यात ओतिलियाला ताप आला. बरी होऊन परतली ती वेगळीच. आधी सगळ्यात पहिली बोलणारी ही बाई आता म्हणे, "आधी तुम्ही बोला." रामीरो चेरी म्हणाला की ही म्हणायची, "चेरीच, पण जरा पिकलेली." कोणाला काही कळलं नाही. मला कळलं. एकदा मला आणायला ती स्वयंपाकघरात आली. तिने माझ्या तोंडाशी नाक नेलं आणि खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग तिथल्या स्टुलावर बसली आणि हाताने डोळे पुसले. तिला वास येणंच बंद झालं होतं, मित्रांनो, आणि वासाबरोबर सगळी चवही गेली होती. तिला कुशीत घ्यावंसं वाटलं, पण मातीच्या पंखांनी काय होणार?

त्यानंतरची गोष्ट. गल्लीतल्या क्लबाची रविवारी मोठी मेजवानी होती. नोर्माने बादलीभर चिमिचुरी केली, म्हणजे भाजलेल्या मांसावर घालायची लसणाची चटणी. भांडी कमी पडली, तेव्हा उरलेली चटणी तिने माझ्यात ओतली. माझ्यात! नंतर घाईघाईने मला पाण्याने खळबळून ठेवलं. पण माझ्या झिलईला बारीक चिरा आहेत, लसूण तिथे मुरून बसला. गुरुवारी तिने माझ्यात तशीच वाइन भरली. स्वयंपाकघरालाच लसणाचा वास, नोर्माला कसं कळणार?

टेबलावर रामीरोने पेले भरले आणि म्हणाला, "आज मास्तरीणबाई आधी बोलणार. किती दिवस आमच्या मागे लपतेस गं?"

ओतिलियाने घोट घेतला. डोळे मिटले. "मऊ आहे," ती म्हणाली. "पिकलेल्या आलुबुखारांचा वास येतोय. छान आहे, रे."

रामीरोने घोट घेतला आणि फुर्रकन रुमालात उडवला. "आई गं, लसूण! नोर्मा, वाइन दिलीस की मांसावरची चटणी?" तो खो खो हसू लागला. मग त्याचं लक्ष ओतिलियाकडे गेलं आणि हसू तोंडातच राहिलं.

"तापापासून मला कसलाच वास येत नाही," ती म्हणाली. "ना कॉफीचा, ना साबणाचा, ना वाइनचा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय झालं असतं? चव नसलेल्या बाईला तुम्ही कशाला बोलवाल? आणि गुरुवार गेला तर माझ्याकडे उरलं काय?" तिने कोट उचलला आणि निघून गेली.

पुढच्या गुरुवारी ती आली नाही. नोर्माने मला लिंबाने घासून, गरम पाण्याने धुऊन उन्हात ठेवलं होतं, पण मला कोणी भरलंच नाही. दोघं जेवले आणि गेले. त्याच्या पुढच्या गुरुवारी नोर्माने मला भरून टेबलावर ठेवलं, तेव्हा आन्सेल्मो ताटावरून उठला, बाहेर गेला आणि बऱ्याच वेळाने ओतिलियाला घेऊन आला.

"धमकी देतो हा मला!" ती नोर्माला सांगू लागली. "मी दार उघडेना, तर बाहेरून म्हणतो, कुलूप मला उघडता येतं, पण तू उघडलंस तर बरं."

ती कोट न काढताच बसली. "बसते नुसती. मला ओतू नका, वाया जाईल."

आन्सेल्मोने ऐकलं नाही. मला उचलून तिचा पेला भरला, मग स्वतःचा. घोट घेतला आणि तोंड वाकडंतिकडं करत शब्द शोधू लागला.

"बोल की!" रामीरो म्हणाला. "दाढ काढतंय का कोणी तुझी?"

"आमच्या आईचं एक लाकडी कपाट होतं," आन्सेल्मो म्हणाला. "त्यात ती मुरंबा ठेवायची. दार उघडलं की आधी लाकडाचा वास यायचा, मागून मुरंब्याचा. ही तशी आहे. आणि शेवटी... किल्ली दातात धरल्यासारखी."

"किल्ली दातात कशाला धरतोस?"

"दोन्ही हातांत सामान असतं ना."

ओतिलियाला हसू आलं. तिने पेला उचलला, डोळे मिटले, घोट घेतला. "मुरंबा कसा? नीट झालेला की करपलेला?"

"जरा करपलेला. आई विसरायची."

"मग कडक उन्हातली. सान हुआन प्रांतातली," ती ठामपणे म्हणाली.

नोर्माने आतून बाटली आणली. शेजारच्या मेंदोसा प्रांतातली निघाली, तीही गारठ्यातल्या उंच दरीतली.

"चुकली!" रामीरो ओरडला.

"मी नाही चुकले, हा चुकला!" ओतिलियाने कोट काढून खुर्चीवर टाकला आणि पेला आन्सेल्मोपुढे सरकवला. "करपलेला म्हणे! पी पुन्हा, आणि या वेळी नीट सांग."

आन्सेल्मो पुन्हा प्यायला. त्या दुपारी तो इतकं बोलला की नोर्मा पोळपाट सोडून बाहेर येऊन उभी राहिली.

आता मी म्हातारा झालोय. चोचीचा टवका उडालाय, चिरा वाढल्यात. मला जपून धुवा, जपून ठेवा, एवढं तर कुठलंही जुनं भांडं मागेल. माझं मागणं वेगळं आहे, मित्रांनो. तुमच्या जेवणाच्या पंगतीत कोणी हल्ली "आधी तुम्ही बोला" म्हणत असेल, तर त्याला विचारा. आणि तुमच्या जिभेवर जे आलंय ते त्याला सांगा. शब्द सापडले नाहीत तरी सांगा, चुकलात तरी सांगा. मला फक्त ओतता येतं. सांगता तुम्हालाच येतं.