लाथ खाल्लेला निळा ड्रम

मित्रांनो, मी एक जुना निळा ड्रम आहे. गरीब बिचारा मात्र मुळीच नाही. माझ्या कडेला, मध्याच्या जरा वर, एक चीर आहे. ती हितेंद्रच्या लाथेची खूण. तिचा सूड उगवल्याशिवाय मोडीत जायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

परळच्या चाळीत, सर्वांत वरच्या मजल्यावर, कौसल्याबाईंच्या मोरीत माझं आयुष्य गेलं. सकाळी नळाला पाणी आलं की त्या मला काठोकाठ भरत आणि वर स्वच्छ फडकं बांधत. "ह्यो ड्रम आसा म्हणान घर चलता," असं शेजारणींना सांगत. मग त्यांच्या मुलाने, हितेंद्रने, मोरीवर नवी टाकी बसवली. मला गच्चीवर नेलं आणि "भंगार साला!" म्हणत सणसणीत लाथ घातली. कौसल्याबाई गप्प राहिल्या, हेही मी विसरलो नाही. त्याच्याच घराच्या छतावर मी उन्हात धुमसत पडून राहिलो.

एके दिवशी हितेंद्रची बायको मेघना गच्चीवर आली. तिने पाइप वाकवून कमानी केल्या, त्यांवर जाड पारदर्शक प्लास्टिक ताणलं आणि पॉलिटनेल, म्हणजे रोपांसाठी प्लास्टिकचा बोगदा, उभा केला. एका बाजूला मातीत मेथी-मिरची लावली. दुसऱ्या बाजूला मला घासूनपुसून बसवलं, चिरेच्या खाली राहील एवढंच पाणी भरलं आणि त्यात मासे सोडले. त्यांचं पाणी पंपाने खडीतल्या पालकाला जाई. पालक त्यातली माशांची घाण खत म्हणून घेई आणि पाणी निवळून माझ्याकडे परत येई.

"पालक भायखळ्याच्या बाजारात मिळतो गं, मासे कशाला पाळतेस?" हितेंद्र हसायचा. चाळीच्या समितीने मात्र बजावलं होतं की मासे मेले तर सगळं उचलायचं.

एकदा मेघना दादरला माहेरी गेली. "फक्त खाणं टाक हां, बाकी कशाला हात लावू नकोस," असं हितेंद्रला सांगून गेली. सकाळी तो वर आला.

"नळाला पाणी आलंय आणि ड्रम अर्धा? मेघना पण ना!"

चाळीत वाढलेला तो, त्याला राहवेना. बादल्या चढवून त्याने मला काठोकाठ भरलं आणि खाली गेला. पाणी पलीकडच्या बाजूच्या चिरेच्या वर गेलं होतं. मी रोखलं नाही. चांगला भळाभळा गळलो, थेट त्याच्या छतातून नव्या सोफ्यावर.

"हितू, मेल्या, छप्पर गळता!" कौसल्याबाई ओरडल्या. मला अगदी गार वाटलं.

तेवढ्यात मासे वर आले, तोंडं उघडून तडफडू लागले. मी गळणं थांबवायला बघितलं, पण माशांना त्याचा काही उपयोग नव्हता.

फोन गेला तशी मेघना धावत आली. आदल्या दिवसापासून भरून ठेवलेल्या पाण्याच्या टबात तिने मासे हलवले. तरी काही मेलेच. "नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं रे, माशांना ते बाधतं. एक दिवस उघडं ठेवून मग घालायचं," ती रडत म्हणाली.

हितेंद्रने मान खाली घातली. "मला वाटलं, भरलेला ड्रम म्हणजे चांगला."

मलाही जन्मभर तेच वाटत आलं होतं.

उरलेले मासे जगले, पॉलिटनेल टिकला. माझी चीर हितेंद्रने स्वतः लुकण भरून बुजवली. पण त्याचं ते लुकण मला कधीही उडवता येईल.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, त्यांना लाथ मारू नका. मारलीच, तर निदान आपल्या डोक्यावर नेऊन ठेवू नका. माझा राग गेलेला नाही. पोटात मासे आहेत, म्हणून मी गळत नाही.